महाविद्यालयीन इंग्रजीच्या वर्गासाठी संपूर्ण कथेतर पुस्तक कसे निवडावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी वाचन-लेखनाचा जो अभ्यासक्रम असतो, त्यात आजवर निवडक निबंधांचा एक संग्रह शिकवला जात असे. आता त्याच्या जोडीला एक संपूर्ण कथेतर पुस्तक लावण्याचे विभागाने ठरवले आहे आणि निवडीचे काम अध्यापनात नव्याने आलेल्या एका प्राध्यापिकेवर सोपवले आहे. विषय कोणता असावा, पुस्तक किती पानांचे आणि किती अवघड असावे, विद्यार्थी ते शेवटपर्यंत वाचतील यासाठी काय पाहावे, असे त्यांनी विचारले आहे. मी हे अभ्यासक्रम दीर्घकाळ शिकवत आलो आहे आणि पुस्तके निवडणाऱ्या समित्यांवरही काम केले आहे. त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

बहुतेक ठिकाणी निवडीची सुरुवात विषयापासून होते. हवामानबदल महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावरचे एखादे पुस्तक घ्यावे. स्थलांतराची चर्चा सुरू आहे, म्हणून त्यावरचे घ्यावे, असे बोलणे बैठकीत होते आणि मग त्या विषयावर जे पुस्तक सर्वांच्या कानावर आलेले असते ते लावले जाते. विषय महत्त्वाचा असावा हे खरेच, पण इंग्रजीचा वर्ग हा त्या विषयाचा वर्ग नव्हे. विद्यार्थ्यांनी आपल्याकडून घेऊन जायचे असते ते बारकाईने वाचण्याचे आणि विचार करून लिहिण्याचे बळ. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा: हे पुस्तक आपल्या पूर्ण लांबीत असे काय साधते, जे त्यातल्या उत्तमोत्तम तीस पानांत साधणार नाही? या प्रश्नाचे उत्तर निवड करणाऱ्याला दोन-तीन वाक्यांत देता येत नसेल, तर ती तीस पाने लावावीत आणि विद्यार्थ्यांचे उरलेले तास दुसऱ्या कामासाठी मोकळे ठेवावेत.

हा निकष प्रत्यक्षात कसा लागू होतो हे रेचेल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या रासायनिक कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरील १९६२ सालच्या पुस्तकावरून चांगले दिसते. त्याचे पहिले प्रकरण अवघ्या दोन-तीन पानांचे आहे. त्यात एका गावाचे वर्णन येते, जिथे पक्षी नाहीसे झाले आहेत, कोंबड्यांची अंडी उबत नाहीत, झाडांना फळ धरत नाही. प्रकरणाच्या शेवटी लेखिका सांगते की असे गाव प्रत्यक्षात नाही, पण यातली प्रत्येक आपत्ती कुठे ना कुठे घडलेली आहे. निबंधसंग्रहांत हे प्रकरण वारंवार घेतले जाते आणि ते सुंदरच आहे. मात्र तेवढेच वाचलेल्या विद्यार्थ्याची अशी समजूत होते की कार्सन यांनी कल्पनेच्या आधारे भीती दाखवली. पुढच्या प्रकरणांत पाणी, माती, वनस्पती, पक्षी, नद्या असा एकेका घटकाचा पुरावा कसा रचत नेला आहे, रासायनिक कीटकनाशके कधीही वापरू नयेत असे आपले म्हणणे नाही हे दुसऱ्याच प्रकरणात कसे स्पष्ट केले आहे, शेवटच्या प्रकरणात जैविक नियंत्रणाचे पर्याय कसे मांडले आहेत आणि पुस्तकाच्या अखेरीस प्रमुख संदर्भांची केवढी मोठी यादी जोडली आहे, यातले काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. एका विज्ञानलेखिकेने काल्पनिक गावापासून सुरुवात का केली, हा प्रश्न सगळे पुस्तक वाचल्यावरच नीट विचारता येतो, कारण तेव्हा त्या गावामागे उभा असलेला पुरावा विद्यार्थ्याच्या हातात असतो. हे पुस्तक या कसोटीला उतरते.

लांबीमुळे मिळणारी दुसरी गोष्ट म्हणजे रचना. विद्यार्थी ज्या निबंधांवर वाढलेले असतात त्यांत प्रस्तावना, मुद्दे आणि समारोप एका दृष्टिक्षेपात दिसतात. पुस्तकाची रचना अशी दिसत नाही, ती वाचताना धरून ठेवावी लागते. ॲन फॅडिमन यांचे १९९७ साली आलेले 'द स्पिरिट कॅचेस यू अँड यू फॉल डाउन' हे पुस्तक मी यासाठी पुनःपुन्हा सुचवतो. कॅलिफोर्नियातील मर्सेड या गावी राहणाऱ्या, लाओसमधून आलेल्या हमाँग समाजाच्या निर्वासित कुटुंबातली लिया ली ही लहान मुलगी, तिला येणारे अपस्माराचे झटके, डॉक्टरांचे निदान आणि आत्मा हरवल्याची आईवडिलांची श्रद्धा, असा त्याचा गाभा आहे. पण एक प्रकरण लियाच्या उपचारांचे, तर दुसरे हमाँग लोकांच्या इतिहासाचे, युद्धाचे किंवा स्थलांतराचे, अशी त्याची चाल आहे आणि घाईत असलेल्या वाचकाला मधली प्रकरणे विषयांतर वाटतात. या आक्षेपाचे उत्तर लेखिकेने दुसऱ्याच प्रकरणात देऊन ठेवले आहे. तिथे फ्रेंच शिकणाऱ्या एका हमाँग विद्यार्थ्याची हकीकत येते. त्याला वर्गात छोटे भाषण करायचे असते आणि तो माशाच्या सूपची कृती निवडतो. पण सूप करायचे तर मासा हवा, मासा हवा तर गळ हवा, गळ कोणता हवा हे ठरवायचे तर मासा गोड्या पाण्यातला की समुद्रातला हे कळायला हवे, असे करत त्याचे भाषण पसरत जाते. जगात वरवर असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टी प्रत्यक्षात एकमेकींशी जोडलेल्या असतात, या हमाँग कथनपद्धतीची ओळख लेखिका इथे करून देते. ती ओळख वाचकाने पुढची शेकडो पाने कशी वाचावीत याची सूचनाही आहे. हे प्रकरण सुटे काढून शिकवले तर एक गंमतीदार प्रसंग हाती राहतो. पुस्तकात ठेवून शिकवले, तर शेवटाकडे आलेला विद्यार्थी मागे वळून सांगू शकतो की युद्धावरचे प्रकरण नेमके तिथेच का आले. असे मागे वळून वाचणे हीच आपल्या अभ्यासक्रमातली सर्वांत मोलाची कमाई आहे, असे मी मानतो.

याच्या उलट, बाजारात आज मोठ्या संख्येने येणारी जी लोकप्रिय कथेतर पुस्तके आहेत, त्यांतली बरीचशी मुळात एका चांगल्या लेखाएवढ्या मजकुराची असतात. पहिल्या प्रकरणात एक सिद्धान्त मांडलेला असतो आणि उरलेल्या प्रत्येक प्रकरणात त्याच सिद्धान्ताला नवा किस्सा जोडलेला असतो. अशा पुस्तकाची परीक्षा सोपी आहे. अनुक्रमणिका समोर घ्यावी आणि चौथे व सातवे प्रकरण मनातल्या मनात अदलाबदल करून पाहावे. काहीच बिघडत नसेल, तर त्या पुस्तकात युक्तिवाद पुढे सरकत नाही, त्याची केवळ आवर्तने होतात. ही पुस्तके वाचू नयेत असे मी म्हणत नाही. वर्गासाठी मात्र ती अडचणीची ठरतात, कारण त्यांचा सारांश वाचणे आणि ती वाचणे यांत फारसा फरक उरत नाही, आणि विद्यार्थ्यांना हे आपल्या आधी कळते. सारांश आज एका क्षणात मिळतो. तो मिळाल्यानंतरही ज्या पुस्तकात वाचण्याजोगे बरेच काही शिल्लक राहते तेच पुस्तक निवडणे, हा विद्यार्थ्यांनी मूळ मजकूर वाचावा यासाठीचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. त्यानंतर देखरेखीची आणि छोट्या चाचण्यांची गरज बरीच कमी होते.

आता पुस्तक तपासायचे कसे, ते सांगतो. पहिल्या प्रकरणावरून मत बनवू नये. लेखक, संपादक आणि प्रकाशक या तिघांचेही सर्वाधिक श्रम त्या पानांवर झालेले असतात. मी पुस्तक मध्याच्या थोडे पुढे उघडतो आणि तिथले एक पूर्ण प्रकरण वाचतो. तिथे लेखकाचा उत्साह टिकला आहे का, वाक्यांना अजून धार आहे का, आणि ज्यावर अर्धी तासिका बोलता येईल असा किमान एक परिच्छेद सापडतो का, हे पाहतो. 'अर्धी तासिका' मी शब्दशः म्हणतो: फळ्यावर एक परिच्छेद लिहिला आणि लेखकाने हेच क्रियापद का वापरले, हा आकडा इथेच का दिला, या व्यक्तीला बोलू दिले आणि त्या व्यक्तीला का नाही, असे प्रश्न विचारत गेले, तर वीस-पंचवीस मिनिटे सहज जावीत. माहितीने भरलेली पण गद्य म्हणून निर्जीव असलेली पुस्तके इथे गळतात. मग मी शेवटचे प्रकरण वाचतो, आणि त्यानंतर टिपा, संदर्भ, लेखकाचे मनोगत. पहिले प्रकरण सर्वांत शेवटी.

टिपा आणि मनोगत यांवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण कथेतर पुस्तकाच्या निवडीत हा भाग हमखास दुर्लक्षिला जातो आणि वर्गात तोच सर्वांत उपयोगी पडतो. कॅथरिन बू यांचे 'बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरएव्हर्स' हे २०१२ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक मुंबईच्या विमानतळालगतच्या अण्णावाडी या वस्तीविषयी आहे. त्यात लेखिका स्वतः कुठेही दिसत नाही. माणसांच्या मनात काय चालले आहे हेही कादंबरीत यावे तसे लिहिलेले आहे. पहिल्यांदा वाचणारा विद्यार्थी एकतर हे कादंबरी म्हणून वाचतो किंवा सगळे निःशंकपणे खरे धरून चालतो. पुस्तक संपल्यावर लेखिकेचे मनोगत येते आणि त्यात कळते की नोव्हेंबर २००७ ते मार्च २०११ या काळात तिने हे काम केले, लेखी नोंदी, ध्वनिमुद्रणे, चित्रफिती आणि छायाचित्रे जमवली, आणि तीन हजारांहून अधिक सार्वजनिक कागदपत्रे मिळवली, ज्यांतली अनेक माहिती अधिकाराच्या कायद्याखाली पाठपुरावा करून हाती आली. हे मनोगत वाचल्यावर वर्ग पुन्हा मागे जातो. अमुक मुलाला त्या क्षणी असे वाटले, हे वाक्य लेखिकेला कशाच्या आधारावर लिहिता आले असेल? ते लिहिण्याचा अधिकार तिला आहे का? मी दिसत नाही असे लिहिणे अधिक प्रामाणिक, की मी दिसते असे लिहिणे? पुरावा, निवेदन आणि विश्वासार्हता यांविषयी आपल्याला जे शिकवायचे असते ते सगळे या तीन प्रश्नांत येते, आणि ते कोणत्याही लेखनमार्गदर्शकातील प्रकरणापेक्षा अधिक ठसते.

हेच प्रश्न रिबेका स्क्लूट यांच्या २०१० सालच्या 'द इमॉर्टल लाइफ ऑफ हेनरिएटा लॅक्स' या पुस्तकात उलट बाजूने येतात. हेनरिएटा लॅक्स १९५१ साली कर्करोगाने वारल्या; त्यांच्या ट्यूमरमधून, त्यांना न विचारता घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढत राहिल्या आणि 'हीला' या नावाने जगभर वापरल्या गेल्या. स्क्लूट यांनी हेनरिएटा यांचे आयुष्य, त्या पेशींचे विज्ञान आणि कुटुंबाचा शोध घेण्याची स्वतःची धडपड असे तीन धागे एकत्र विणले आहेत आणि तिसऱ्या धाग्यात लेखिका सतत दिसते. काळ मागेपुढे होत असल्यामुळे प्रकरणांच्या शीर्षकासोबत साल दिलेले आहे. बोलणाऱ्यांची बोली त्यांनी बोलीच्याच रूपात ठेवली आहे आणि तसे का केले हे सुरुवातीलाच सांगितले आहे. एखाद्या सत्रात बू आणि स्क्लूट यांची पुस्तके लागोपाठ लावणे शक्य असेल तर अवश्य करावे. एकच पुस्तक घ्यायचे असेल, तर विद्यार्थ्यांना पुढे स्वतः मुलाखती घेऊन लिहायचे आहे का, हे पाहावे. तसे असल्यास स्क्लूट अधिक उपयोगी, कारण माहिती मिळवण्याची प्रक्रिया तिथे डोळ्यांसमोर घडते.

सत्यतेचा प्रश्न निवडीच्या टप्प्यावरच तपासून घ्यावा. ट्रुमन कपोटी यांचे एका हत्याकांडावरचे 'इन कोल्ड ब्लड' १९६६ साली पुस्तकरूपाने आले तेव्हा त्यातला शब्दन् शब्द खरा असल्याचा लेखकाचा दावा होता. पुढे त्यातल्या अनेक तपशिलांविषयी शंका घेतल्या गेल्या आणि शेवटचा दफनभूमीतला प्रसंग रचलेला असल्याचे त्यांच्या चरित्रकाराने लिहिले. पाकिस्तान-अफगाणिस्तानात शाळा उभारण्याविषयीचे 'थ्री कप्स ऑफ टी' हे २००६ सालचे पुस्तक अनेक महाविद्यालयांनी नव्या विद्यार्थ्यांसाठी सामायिक वाचन म्हणून लावले होते आणि २०११ साली त्यातल्या महत्त्वाच्या घटनांच्या खरेपणाला जाहीर आव्हान मिळाले. अशी पुस्तके कायमची बाद करावीत असे माझे मत नाही. कपोटी यांचे पुस्तक तर त्या वादासह शिकवले तर उत्कृष्ट अभ्यास होतो. पण तो वाद आपल्याला आधी ठाऊक असायला हवा आणि त्याविषयीचा एखादा लेख वाचनयादीत पुस्तकासोबतच असायला हवा. मागाहून एखाद्या विद्यार्थ्याने तो शोधून वर्गात मांडला, तर त्याचे कौतुक जरूर करावे, पण तोवर बाकीच्या वर्गाने अर्धे सत्र चुकीच्या गृहीतावर लिहिलेले असते.

भाषेच्या काठिण्याविषयी ठोस सल्ला देता येतो. इंग्रजी ही ज्यांची पहिली भाषा नाही अशा वाचकांबद्दल हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यानुसार कोणाच्या मदतीशिवाय मजकूर पुरेसा समजायचा तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. त्याआधी लाउफर यांनी किमान मर्यादा ९५ टक्के मांडली होती. याचा व्यवहारातला अर्थ असा, की तीनशे शब्दांच्या पानावर अनोळखी शब्द सहाच्या आसपास असतील तर विद्यार्थी एकट्याने वाचू शकतो. पंधराच्या आसपास असतील तर त्याला शब्दार्थांची, चर्चेची किंवा सोबत्याची मदत लागते. त्याहून अधिक असतील तर तो वाचत नसून उलगडत बसलेला असतो. पुस्तक नक्की करण्यापूर्वी त्यातली वेगवेगळ्या ठिकाणची तीन पाने मागच्या वर्षीच्या पाच-सहा विद्यार्थ्यांना द्यावीत आणि अडलेले शब्द अधोरेखित करायला सांगावेत. या विद्यार्थ्यांत वर्गातले सर्वांत हुशार तेवढेच घेऊ नयेत. ही तपासणी एका दुपारी होते आणि समितीतल्या 'हे त्यांना झेपेल का' या अंतहीन चर्चेला बूड मिळते.

शब्दांपेक्षाही पूर्वज्ञान अधिक अडवते, हे मात्र या मोजणीत दिसत नाही. जॉन हर्सी यांच्या 'हिरोशिमा'ची भाषा अतिशय साधी आहे, आणि त्यातली अणुबॉम्बमधून वाचलेली सहा माणसे कोणत्याही वाचकाला पहिल्या काही पानांतच डोळ्यांपुढे दिसू लागतात. त्या साधेपणातच त्याचे सामर्थ्य आहे. याउलट एखाद्या देशाच्या अंतर्गत राजकारणावर सोप्या शब्दांत लिहिलेले पुस्तकही, पक्ष आणि पुढारी ठाऊक नसलेल्या वाचकाला धुक्यात ठेवते. पुस्तक समजण्यासाठी जी पार्श्वभूमी लागते ती एका तासिकेत सांगता आली पाहिजे, अशी मर्यादा मी स्वतःसाठी ठेवली आहे. तीन तासिका लागणार असतील, तर आपण इंग्रजी न शिकवता दुसराच विषय शिकवू लागलो असे समजावे.

पानांच्या संख्येबद्दल फार घोळ घालू नये. आठवड्याला पन्नास-साठ पाने, लेखनाचे काम चालू असताना, बहुतेक विद्यार्थ्यांना पेलतात. त्या हिशेबाने तीनशे पानांच्या पुस्तकाला पाच ते सहा आठवडे जातात, आणि पंधरा आठवड्यांच्या सत्रात असे एक पुस्तक, सोबत काही निबंध, एवढेच नीट होते. दोन पुस्तके हवी असतील तर दुसरे दीडशे पानांच्या आतले असावे.

विद्यार्थ्यांना ते 'आपलेसे' वाटेल का, हा निकष समित्यांत नेहमी पुढे येतो आणि त्याबद्दल मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. विद्यार्थ्यांच्या वयाचा नायक, त्यांच्यासारखी परिस्थिती, ओळखीचा परिसर यांमुळे पुस्तक उघडले जाते. ते पुढे वाचले जाते ते त्यात काही पणाला लागलेले असेल तर. माझ्या वर्गांत ज्या पुस्तकांनी सर्वांत जास्त लेखन घडवले, ती विद्यार्थ्यांच्या आयुष्यापासून काळाने खूप दूरची होती. फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ सालचे आत्मकथन याचा नमुना आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटलेल्या माणसाने लिहिलेल्या या छोट्या पुस्तकाच्या आरंभी गॅरिसन आणि फिलिप्स या दोन गोऱ्या समर्थकांनी त्याच्या खरेपणाची ग्वाही देणारा मजकूर लिहिला आहे, आणि आपण नेमके कसे निसटलो हे डग्लस यांनी मुद्दाम सांगितलेले नाही, कारण ते सांगितले असते तर मदत करणारे अडचणीत आले असते आणि मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली असती. तो तपशील त्यांनी १८८१ सालच्या आत्मचरित्रात दिला. आपल्या शब्दाला दुसऱ्याच्या ग्वाहीची गरज का पडावी, आणि लेखकाने काय सांगू नये हे कोण ठरवते, यावर अठरा-एकोणीस वर्षांचे विद्यार्थी फार पोटतिडकीने लिहितात. विषय जवळचा असण्यापेक्षा प्रश्न जिवंत असणे महत्त्वाचे ठरते.

ज्या अभ्यासक्रमाचा भर युक्तिवादावर आहे, तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'चा विचार जरूर व्हावा. आकाराने ते लहान आहे, पण पुस्तक म्हणून त्याची घडण विलक्षण आहे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेले हे अध्यक्षीय भाषण त्यातल्या मतांवरून मंडळाशी मतभेद झाल्यामुळे कधी झालेच नाही, आणि आंबेडकरांनी ते १९३६ साली स्वतः प्रसिद्ध केले. मंडळाशी झालेला पत्रव्यवहार त्यात आहे; १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची प्रतिक्रिया आणि तिला आंबेडकरांनी दिलेले उत्तरही आहे. म्हणजे एकाच पुस्तकात मूळ मांडणी, तिच्यावरचा आक्षेप आणि त्या आक्षेपाचे खंडन अशी तिन्ही अंगे मूळ स्वरूपात मिळतात. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी न्याय्यपणे मांडावे आणि मग खोडावे, हे आपण विद्यार्थ्यांना नुसते सांगत असतो. इथे ते करून दाखवलेले आहे. अर्थात उत्तरासह असलेली आवृत्तीच घ्यावी.

आवृत्तीचा मुद्दा निघालाच आहे, तर तो पुरा करतो. 'हिरोशिमा' १९४६ साली आले आणि हर्सी यांनी सुमारे चाळीस वर्षांनी, १९८५ साली, त्याच सहा जणांचे पुढे काय झाले हे सांगणारे प्रकरण त्याला जोडले. जुनी प्रत हाती पडलेला विद्यार्थी अर्थातच त्याला मुकतो. म्हणून अभ्यासक्रमपत्रिकेत आवृत्ती स्पष्ट लिहावी, गृहपाठ पानांऐवजी प्रकरणांनुसार द्यावा, कारण ई-पुस्तक आणि छापील प्रत यांची पाने जुळत नाहीत, आणि दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी संगणकाकडून मोठ्याने वाचून घेता येईल अशी किंवा ध्वनिरूपातली प्रत मिळते का, हे पुस्तक ठरवण्यापूर्वी पाहावे. ग्रंथालयात किमान काही प्रती राखीव ठेवता येतील का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

काही पुस्तकांत हिंसा, अत्याचार किंवा मृत्यू यांची वर्णने असतात आणि अशी पुस्तके टाळावीत असा दबाव येतो. चांगल्या कथेतर लेखनाचा मोठा भाग माणसांच्या यातनांविषयी आहे, त्यामुळे हा दबाव पूर्ण मानला तर निवडण्याजोगे थोडेच उरेल. विद्यार्थ्यांना कोणत्या प्रकरणात काय येणार आहे हे आधी साध्या शब्दांत सांगावे, त्या दिवशी कोणालाही मोठ्याने वाचायला लावू नये आणि ज्याला खरोखर अशक्य असेल त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. एवढी काळजी मी पुरेशी मानतो.

शेवटचे पाऊल उलट्या क्रमाचे वाटेल, पण ते टाळू नये. पुस्तक अंतिम करण्याआधी त्यावरचे सत्रअखेरचे लेखनकार्य तयार करावे. एक प्रश्न लिहावा, ज्याचे उत्तर द्यायला पुस्तकाच्या किमान तीन दूरदूरच्या जागा एकत्र आणाव्या लागतील आणि ज्याच्या दोन विरुद्ध उत्तरांना पुस्तकातच आधार सापडेल. फॅडिमन यांच्या बाबतीत तो प्रश्न असा असू शकतो: लियाच्या बाबतीत जे घडले त्याची जबाबदारी लेखिका कोणावर टाकते, आणि तिचे हे मत पुस्तकाच्या आरंभापासून अखेरपर्यंत एकच राहते का? मग त्या प्रश्नाचे उत्तर आपण स्वतः, विद्यार्थ्यांना जेवढी शब्दमर्यादा देणार तेवढ्याच शब्दांत लिहून पाहावे. लिहिताना पुस्तक पुन्हा पुन्हा उघडावे लागले, आधी लक्षात न आलेली वाक्ये सापडली आणि दोन प्रामाणिक मते संभवतात असे दिसले, तर पुस्तक नक्की करून आठवड्यांची आखणी सुरू करावी. उत्तर पुस्तक न उघडता लिहून झाले, तर विचाराधीन पुस्तकांच्या यादीतले पुढचे पुस्तक घ्यावे आणि त्याच्यासाठी प्रश्न लिहायला बसावे.